६० टक्के चार्ज, तरी यंत्र बंद

या महिन्यात बॅटरीचेच प्रश्न जास्त आले. त्यातले चार निवडलेत. यंत्रं निरनिराळी आहेत, पण बहुतेकांची मागणी एकच आहे: बॅटरी किती टक्के उरली ते दिसायला हवं. पहिल्या पत्राला जास्त जागा देते, कारण त्यात जे घडलंय तेच बहुतेकांच्या बाबतीत घडतं.

भांडुपहून एक वाचक लिहितात:

"मॅडम, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीची पातळी कळावी म्हणून मी नोडएमसीयू हा वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड, ३.३ व्होल्टवर चालणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एक १८६५० लिथियम-आयन सेल घेऊन यंत्र बनवलंय. सेल २५०० एमएएचचा (मिलिअँप-तासांचा) आहे, बोर्डाच्या व्हीआयएन (सप्लाय आत घेणाऱ्या) पिनला जोडलाय. दर दहा मिनिटांनी बोर्ड जागा होतो, पातळी मोजतो, वायफायवरून पाठवतो आणि परत झोपतो. पहाटे खालच्या टाकीत पाणी आलं की पंप लावतात. त्या अर्ध्या तासात बोर्ड झोपत नाही, दर अर्ध्या मिनिटाने पातळी पाठवतो. सेलचं व्होल्टेज १०० के (किलो-ओहम) रेझिस्टरमधून व्होल्टेज मोजणाऱ्या ए० पिनवर घेतलंय आणि ३.० व्होल्ट म्हणजे शून्य टक्के, ४.२ म्हणजे शंभर, असं गणित केलंय. आठवडाभर सगळं नीट चालतं. मग रात्री ६० टक्के दाखवून पहाटे नेमकं पंपाच्या वेळी बंद पडतं. सेल काढून मल्टिमीटरने पाहिला तर ३.७४ व्होल्ट. दोनदा टाकी वाहिली आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये मला ऐकून घ्यावं लागलं. माझ्या मोजण्यात काय चुकतंय?"

मोजण्यात फारसं काही चुकत नाही. ३.७४ मधून ३ वजा करा, १.२ ने भागा, ६२ टक्के येतात. म्हणजे बोर्डाने वाचलेलं व्होल्टेज आणि तुमच्या मीटरने दाखवलेलं व्होल्टेज यांचा मेळ बसतो. लिथियम-आयनचा सेल ३.७४ला खरोखरच निम्म्याच्या आसपास भरलेला असतो. यंत्र बंद पडलं ते चार्ज संपल्यामुळे नव्हे. सेलमधला चार्ज बोर्डापर्यंत पोचत नव्हता.

व्हीआयएन पिन आणि ईएसपी८२६६ ही बोर्डाची मुख्य चिप यांच्या मध्ये बोर्डावर एक तीन पायांचा काळा रेग्युलेटर असतो. बहुतेक नोडएमसीयू बोर्डांवर तो एएमएस१११७ असतो. यूएसबीच्या ५ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करायला तो उत्तम. पण त्याला स्वतःसाठी साधारण एक व्होल्टचं अंतर लागतं. ३.३ व्होल्ट बाहेर हवे असतील तर आत ४.३-४.४ यायला हवेत, आणि तुमचा सेल तर पूर्ण भरलेला असतानाही ४.२चाच. म्हणजे पहिल्या दिवसापासून चिपला ३.३ मिळालेले नाहीत. सेल ३.७४वर आला की चिपकडे २.७च्या आसपास उरतात. झोपलेल्या चिपला तेवढं चालतं. पण वायफाय पाठवताना ईएसपी८२६६ क्षणभर ३०० मिलिअँपच्या घरात करंट ओढते. त्या क्षणी सेलच्या आतला रोध, होल्डरच्या स्प्रिंगा, बारीक जंपर वायरी हे सगळे आपापला वाटा खातात. व्होल्टेज खाली बसतं, चिप रिसेट होते, पुन्हा वायफाय लावायला जाते, पुन्हा रिसेट होते. टाकीत कमरेइतकं पाणी असावं आणि नळ छातीच्या उंचीवर बसवलेला असावा, तसं हे झालंय.

पहाटेच का, याचंही उत्तर यातच आहे. दिवसभर बोर्ड काही सेकंद जागा होतो आणि मध्ये दहा मिनिटं सेलला विसावा मिळतो. पंपाच्या अर्ध्या तासात वायफाय सतत चालू. सेलला सावरायला फुरसत मिळत नाही.

हे तुम्हाला स्वतः पाहता येईल. व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय कुणाकडे असला तर तो सेलच्या जागी लावा आणि ४.२पासून हळूहळू खाली या. मल्टिमीटरचं एक टोक बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर, दुसरं ग्राउंडवर. माझ्या टेबलावर असाच बोर्ड ठेवून मी पाहिलं. ४.२ला पिनवरचा आकडा ३.३च्या खालीच होता आणि सप्लायचा नॉब फिरवेन तसा तो पाठोपाठ उतरत गेला. ३.७च्या आसपास मॉड्यूलवरचा निळा एलईडी थांबून थांबून चमकायला लागला. बोर्ड उठत होता, पडत होता, परत उठत होता. सप्लायच्या डिस्प्लेवर मात्र ३.७ स्थिर होते. तुमच्या ॲपला दिसतो तो हा स्थिर आकडा.

त्याच रेग्युलेटरची दुसरी खोड याहून महाग पडते. काही काम नसतानाही तो स्वतः साधारण ५ मिलिअँप खातो. दिवसाचे १२० एमएएच झाले. याउलट तुमचं खरं काम पाहा. एकदा जागं होणं म्हणजे सहा सेकंद, सरासरी ८० मिलिअँप धरा. दिवसात १४४ वेळा मिळून १९ एमएएच. पहाटेच्या अर्ध्या तासाचे ४०. म्हणजे जे काम करायला यंत्र बसवलं त्याचा खर्च ६०, आणि नुसत्या रेग्युलेटरचा त्याच्या दुप्पट. वर यूएसबीची चिप आणि सेन्सर. अर्धा सेल वापरता येत नाही आणि उरलेला अर्धा दिवसाला १८०-१९०च्या वेगाने संपतो. म्हणून आठवडा.

आता दुरुस्ती. नोडएमसीयू शिकायला ठेवा. गच्चीवर सुटं ईएसपी-१२एफ मॉड्यूल लावा आणि त्याला एचटी७८३३ रेग्युलेटर द्या. तो ५०० मिलिअँप देतो, स्वतः सुमारे ४ मायक्रोअँप खातो आणि त्याला सेल व ३.३ यांच्यात फार थोडं अंतर लागतं. मॉड्यूलच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, वायफायचा झटका तो सोसतो. झोपेत सेन्सरचा सप्लाय पी-चॅनेल मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा. पंपाच्या वेळीही दोन मोजण्यांच्या मध्ये बोर्डाला झोपू द्या. तो अर्धा तास ४०ऐवजी ८ एमएएचमध्ये भागेल. चिपची गाढ झोप २० मायक्रोअँपची. सगळं मिळून दिवसाचे २८-३० एमएएच होतात, आणि २५०० पैकी २००० हाताशी धरले तर एकदा भरलेला सेल दोन महिने सहज जातो.

सुट्या मॉड्यूलवर एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोडएमसीयूवर ए० पिनच्या मागे २२० के आणि १०० केची जोडी आधीच लावलेली असते. तुम्ही बाहेरून १०० के जोडलेत म्हणून ४.२ व्होल्टला चिपवर बरोबर १ व्होल्ट येत होता आणि ती चिपच्या मोजण्याची कमाल मर्यादा आहे. नोडएमसीयूच वापरणार असाल तर तिथे १८० के लावा, म्हणजे सरळ पाचने भागलं जाईल आणि वर थोडी जागा राहील. सुट्या मॉड्यूलवर मागची जोडी नसते. तिथे सेलकडून ३९० के, ग्राउंडकडे १०० के आणि पिनवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ही जोडी जेमतेम ९ मायक्रोअँप खाते. हे सांगते कारण पुष्कळ जण हाताशी असलेले १० केचे दोन रेझिस्टर लावून मोकळे होतात. ते ४.२ व्होल्टवर ०.२१ मिलिअँप खातात, दिवसाला ५ एमएएच, वर्षाला १८००च्या वर. बॅटरी मोजणारी जोडीच एक अख्खा सेल पिऊन टाकते.

जास्त ओहमच्या रेझिस्टरांना मुंबईच्या पावसाचा त्रास होतो, तोही आधीच टाळता येतो. जुलैत गच्चीवरच्या डब्यात दमट हवा साठते. बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला असेल तर ओल धरून त्यातून बारीक गळती सुरू होते, आणि ३९० केच्या शेजारी ती गळती मोजण्याइतकी ठरते. आकडा पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात एक दिसायला लागतो. सोल्डरिंग झाल्यावर आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा, मग त्यावर पारदर्शक लॅकरचा हात द्या. डबा टाकीच्या सावलीत बांधा. मे महिन्यात उन्हातला बंद डबा भाजून निघतो आणि लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये.

आता तुमच्या टक्क्यांकडे येते. ३ ते ४.२ अशी सरळ रेघ धरलीत, पण सेल सरळ रेघेत उतरत नाही. वरून ३.९पर्यंत बऱ्यापैकी उतरतो, मग ३.८५ ते ३.६५ या चिंचोळ्या पट्ट्यात त्याच्या पोटातला मोठा भाग संपतो, आणि ३.५च्या खाली कोसळतो. मधल्या पट्ट्यात ५० मिलिव्होल्टची चूक झाली तर टक्क्यांत १०-१५चा फरक पडतो. वायफाय चालू असताना घेतलेल्या रीडिंगमध्ये तेवढी चूक आरामात होते. म्हणून जागं झाल्याबरोबर, वायफाय लावण्याआधी मोजा. सोळा रीडिंग घ्या, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान टाका, बाकीच्यांची सरासरी काढा. ती मल्टिमीटरशी ताडून एकदाच गुणक ठरवून घ्या, कारण प्रत्येक चिपचा आणि रेझिस्टरचा थोडा फरक असतोच.

मग वायफायवरून पाठवत असताना दुसरं रीडिंग घ्या आणि दोन्ही आकडे पाठवा. पहिला आकडा सेल किती भरलाय ते सांगतो. दोन्हींतला फरक सेल किती म्हातारा झालाय आणि स्प्रिंगा किती गंजल्यात ते सांगतो. सेल नवा असताना हा फरक लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की सेल किंवा होल्डर बदलायची वेळ झाली, मग टक्के काहीही असोत. माझ्या मते हा दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे आणि घरगुती प्रोजेक्टमध्ये तो जवळजवळ कुणीच पाठवत नाही.

याबद्दल मी इतक्या आग्रहाने बोलते त्याला कारण आहे. माझी नोकरी हॉस्पिटलमधली उपकरणं दुरुस्त करण्यात गेली. सलाइनमधून औषध मोजून देणारे पंप वॉर्डातून एक्स-रेला जाताना बॅटरीवर चालतात. पडद्यावर बॅटरीच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि लिफ्टमध्ये पंप बंद, हे मी पाहिलंय. पेशंट सुखरूप होता, सिस्टर जागच्या जागी होत्या म्हणून. तेव्हापासून आमच्या विभागात प्रत्येक पंप ठरलेल्या दिवशी प्लग काढून बॅटरीवर चालवायचो आणि घड्याळ लावून किती वेळ जातो ते वहीत लिहायचो. पडद्यावरच्या दांड्या कुणी विचारतही नव्हतं. टाकीचं यंत्र आणि औषधाचा पंप यांची बरोबरी नाही, पण खोटा दिलासा दोन्हीकडे सारखाच नुकसान करतो.

म्हणून कमिटीला टक्के दाखवू नका. विसाव्याचं, म्हणजे वायफाय लावण्याआधीचं, व्होल्टेज ३.६ला आलं की "या आठवड्यात सेल बदला" असा मेसेज जाऊ द्या. ३.४ला शेवटचा मेसेज पाठवून बोर्डाला लांब झोपवा, आणि व्होल्टेज ३.८च्या वर जाईपर्यंत उठवू नका, नाहीतर सेल जरा सावरला की तो पुन्हा उठेल आणि पुन्हा पडेल. टीपी४०५६च्या चार्जिंग मॉड्यूलवर बसवलेली संरक्षण चिप २.४ व्होल्टच्या आसपास सेल तोडते हे खरं, पण ती शेवटची तटबंदी आहे, तिथपर्यंत सेल नेऊ नये. आणि सगळ्यांत आधी हे करा: खाली मेसेज घेणाऱ्या बाजूला असं ठेवा की अर्धा तास गच्चीवरून काहीच आलं नाही तर वॉचमनच्या केबिनमध्ये बझर वाजेल. बंद पडलेलं यंत्र स्वतः कधी सांगत नाही की मी बंद पडलोय. पंप थांबवण्यासाठी टाकीत साधा फ्लोट स्विच हवाच. तो नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बसवा.

विक्रोळीहून डिप्लोमाची एक विद्यार्थिनी विचारते:

"ताई, आमचं पाऊस मोजायचं यंत्र आर्डुइनो प्रो मिनी बोर्डावर आहे, ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झचा. तीन अल्कलाइन पेन्सिल सेल थेट व्हीसीसीला (चिपच्या सप्लाय पिनला) जोडलेत. दोन सारखे रेझिस्टर लावून बॅटरी ए० वर वाचते तर आकडा कायम ५११ किंवा ५१२ येतो. सेल नवे घाला, जुने घाला, तोच आकडा. पिन खराब झालीय का?"

पिन ठणठणीत आहे. तुझ्या बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपला मोजायला पट्टी लागते, आणि न सांगितल्यास तो स्वतःचा सप्लायच पट्टी म्हणून वापरतो. तुझ्याकडे सप्लाय म्हणजेच बॅटरी. बॅटरी उतरली की पट्टीही तेवढीच आखडते, आणि बॅटरीचा अर्धा हा बॅटरीच्या पट्टीवर कायम अर्धाच येणार. १०२३चा अर्धा, ५११.

उपाय इतका छान आहे की रेझिस्टरही काढून टाकता येतील. या चिपच्या आत १.१ व्होल्टचा एक स्थिर स्रोत आहे, बॅटरी उतरली तरी तो जागचा हलत नाही. मोजणी उलटी कर. पट्टी व्हीसीसीचीच राहू दे आणि तिने तो १.१ व्होल्ट मोज. बॅटरी जितकी कमी, तितका आकडा मोठा येईल. व्हीसीसी म्हणजे १.१ गुणिले १०२३ भागिले आलेलं रीडिंग. सप्लाय ५ व्होल्ट असेल तर रीडिंग २२५च्या आसपास, ४.२ला २६८, ३.३ला ३४१ आणि ३.० ला ३७५. हे चार आकडे वहीत लिहून ठेव, प्रोग्रॅम बरोबर चाललाय का ते लगेच कळेल.

दोन गोष्टी सांभाळ. मोजायचा चॅनेल बदलल्यावर थोडं थांबून पहिलं रीडिंग टाकून दे, आतला स्रोत स्थिरावायला वेळ लागतो. आणि १.१ हा आकडा छापील आहे, प्रत्यक्षात एखाद्या चिपमध्ये तो १.० ते १.२ यांच्यात कुठेही असू शकतो. तू मल्टिमीटरने एकदा व्हीसीसी मोज, रीडिंगने गुण, १०२३ने भाग, आणि जो येईल तो तुझ्या चिपचा खरा आकडा म्हणून प्रोग्रॅममध्ये घाल. ग्रुपमधल्या मैत्रिणीच्या चिपला तोच आकडा लावू नकोस.

अल्कलाइन सेल निवडलेस हे तुझ्या कामाचं आहे. तो नवा असताना १.५-१.६ व्होल्टपासून निघून संपत येताना १ व्होल्टवर येतो आणि वाटेत हळूहळू उतरत जातो, त्यामुळे व्होल्टेजवरून बरंच काही कळतं. सर चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरायला सांगतील. ते जरूर वापर, पण ते बराच काळ १.२लाच बसून राहतात, तेव्हा धोक्याची पातळी नव्याने ठरव. आणि बोर्डावरचा पॉवरचा एलईडी काढून टाक, तो दिवसरात्र फुकट जळतो.

लालबागहून एका मंडळाचे कार्यकर्ते लिहितात:

"हलत्या देखाव्याची मोटर आणि एलईडी पट्ट्या आम्ही १२.८ व्होल्ट, २० एएचच्या (अँप-तासांच्या) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर चालवतो. आर्डुइनोवर व्होल्टेज दाखवलंय. संध्याकाळी १३.२, रात्री दहाला १३.१, आणि मग गर्दी ऐन भरात असताना एकदम बंद. एकूण लोड २ अँपच्या आसपास आहे. आधी कळायचा मार्ग सांगा."

या बॅटरीत व्होल्टेज पाहून कळणार नाही. फॉस्फेटचा सेल जवळजवळ सगळा वेळ ३.२-३.३वर बसतो आणि शेवटी कडेलोट होतो. भांडुपच्या वाचकांना व्होल्टेज नीट मोजा म्हटलं, तुम्हाला सांगते की ते सोडा आणि बाहेर गेलेला करंट मोजा.

आयएनए२१९चं छोटं मॉड्यूल घ्या. त्यावर ०.१ ओहमचा रेझिस्टर असतो, ३.२ अँपपर्यंत मोजतं, २६ व्होल्टपर्यंतच्या लाइनवर चालतं. बॅटरीच्या प्लसच्या तारेत जोडा. मोटरचा करंट थरथरता असतो, म्हणून मॉड्यूलची १२८ नमुन्यांची सरासरी चालू ठेवा. दर सेकंदाला करंट वाचून बेरीज करत जा. २ अँपने तासाला २ एएच जातात, बॅटरी नवी असली तर दहा तास. मी आठ तासांचाच हिशेब धरेन आणि १५ एएच गेल्यावर लाल दिवा लावेन, म्हणजे बदलीची बॅटरी आणायला वेळ मिळेल.

या बेरजेत बारीक चूक साठत जाते. मॉड्यूल १० मिलिअँप चुकीचं वाचत असेल तर दहा दिवसांत २.४ एएचचा घोळ होतो. म्हणून रोज पहाटे बॅटरी पूर्ण चार्ज झाली, म्हणजे चार्जर १४.६ व्होल्टला पोचून करंट अगदी कमी झाला, की बेरीज शून्य करा. लाइट गेली तरी बेरीज राहावी म्हणून ती ईईपीरॉममध्ये लिहा, पण दहा मिनिटांनी एकदाच. त्या मेमरीला एका जागी १ लाख वेळा लिहिण्याची खात्री असते. दर सेकंदाला लिहिलंत तर २८ तासांत ती मर्यादा संपेल, म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

आणि बॅटरीच्या प्लसला लागून, हातभराच्या आत, ५ अँपचा फ्यूज लावा. ही बॅटरी शॉर्ट झाली तर तार लालभडक होते, आणि मंडपात कापड आणि थर्माकोल असतं. फ्यूज लावल्याशिवाय देखावा सुरू करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

गिरगावातून एक आजोबा विचारतात:

"नातवाच्या प्रोजेक्टसाठी ९९०० एमएएच लिहिलेला १८६५० सेल स्वस्तात मिळाला. तो बाकीच्यांपेक्षा चौपट चालायला हवा ना?"

नाही चालणार. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा या आकारात चांगल्यातले चांगले सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतात. ९९०० छापलेलं दिसलं की तो सेल न घेणं बरं. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराचा नाहीतर किराणा दुकानातला डिजिटल काटा चालेल. फारच हलका निघाला तर शंका खरी. वेष्टनावर बीआयएसचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का तेही पाहा.

नातवाबरोबर एक सुट्टीचा दिवस काढून तो सेल तपासा. सेल पूर्ण चार्ज करा, त्याला १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा, रेझिस्टर फरशीच्या तुकड्यावर ठेवा कारण तो चांगलाच तापतो, आणि दर पंधरा मिनिटांनी सेलचं व्होल्टेज त्याला वहीत लिहू द्या. ३.० आलं की लगेच तोडा. करंट सरासरी ०.३७ अँप धरा. किती तास चालला त्याला ३७०ने गुणलं की एमएएच मिळतात. सव्वातीन तासांत संपला तर तो १२०० एमएएचचा सेल आहे. पूर्ण वेळ कुणीतरी मोठं माणूस तिथे बसायला हवं, आणि सेल गरम लागला तर तपासणी तिथेच थांबवायची. त्या व्होल्टेजचा आलेख काढायला सांगा. विज्ञान प्रदर्शनात प्रोजेक्टशेजारी तो लावता येईल. नापास झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.